रिकाम्या टायरवर

“ओ काका! अहो काका, टायर बघा टायर!” ही हाक तिसऱ्यांदा आली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की काका म्हणजे आपणच. त्याने ब्रेक दाबला. मोटारसायकल थांबली, पण जरा तिरकीच थांबली, आणि मागे वाकून पाहिलं तर मागचा टायर रस्त्यावर पार पसरलेला. हाक मारणारा टायरवालाच निघाला. गिऱ्हाईक आपल्या पायाने दारात आलं याचा आनंद त्याच्या तोंडावर मुळीच नव्हता. उलट कुणी घरचं लहान मूल बेदम मारलं असावं तसा तो टायरकडे पाहत होता. “कुठून आणलीत अशी?” त्याने विचारलं. “कुठून म्हणजे? आत्ताच झाला असेल पंक्चर.” “आत्ता?” टायरवाला उकिडवा बसला, टायरला तळहात लावला आणि म्हणाला, “या इकडे. लावा हात.” त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला. रबर चांगलंच तापलं होतं. “दोन किलोमीटर तरी रिकाम्या टायरवर आलात तुम्ही. कमी नाही. गाडी डुलली नाही? मागून ओढली नाही? काही म्हणजे काहीच कळलं नाही?” त्यावर तो हसून म्हणाला, “कळलं हो, पण म्हटलं पुढे दुकान असेलच कुठेतरी.” हे खोटं इतकं अलगद तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खरं म्हणजे त्याला काहीही कळलं नव्हतं.

टायरवाल्याने दिलेल्या स्टुलावर तो बसला आणि आपण कुठून आलो ते आठवू लागला. घराचा जिना आठवत होता, गाडीला मारलेल्या दोन किका आठवत होत्या, पुलावरचा गतिरोधक आठवत होता, तिथे एक बाई हातात फुगलेली पिशवी घेऊन थांबली होती तीसुद्धा आठवत होती. त्यानंतर एकदम ही हाक. पूल ते हे दुकान यांच्यामध्ये पेट्रोलपंप लागतो, शाळा लागते, पाण्याची टाकी लागते, दोन वळणं आहेत आणि एक सिग्नल आहे. सिग्नल लाल होता की हिरवा? आपण थांबलो की तसेच आलो? शाळेच्या दारात या वेळी पोरांची ही गर्दी असते. त्या गर्दीतून ही गाडी कुणी आणली? त्याने पुन्हा एकदा पुलापासून सुरुवात केली. बाई, पिशवी, गतिरोधक, आणि मग हाक. विचारात होतो, म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. विचारात असलं की होतं असं माणसाचं. पण कसल्या विचारात होतो हेही आठवेना, आणि तेव्हा मात्र त्याने पाणी मागितलं. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या दाराला तो आपली किल्ली लावत बसला होता आणि आतल्या माणसाने दार उघडल्यावर दोघेही मनसोक्त हसले होते. त्याच्या आधी एकदा चहाचं आधण आटून भांडं काळं झालं होतं. तेव्हा त्याने या गोष्टींकडे कानाडोळा केला. वयच झालं, साठीला दोनच वर्षं उरली, दमतो माणूस, असं म्हणत त्याने त्या दोन्ही गोष्टी घासूनपुसून जागच्या जागी ठेवून दिल्या होत्या. आजची गोष्ट तशी ठेवता येईना. दोन किलोमीटर म्हणजे काही आधणाचं पाणी नव्हे.

चाक निघालं, पट्ट्या घालून टायर रिमवरून उतरवला गेला, ट्यूब बाहेर आली आणि तिच्याबरोबर ओंजळभर काळा भुगाही आला. टायरवाल्याने तो भुगा मुद्दाम त्याच्या पायाशी झटकला. “हा बघा तुमचा टायर. खिळा इवलासा, त्याचं काही नाही. पण रिम वरून दाबत होती आणि हा आतल्या आत घासत होता. कड खाल्लीय सगळी. वरून बघाल तर काही दिसायचं नाही.” वरून खरोखरच काही दिसत नव्हतं. नक्षी जरा झिजलेली, बाकी टायर धडधाकट. “मग? पॅच नाही बसणार?” “पॅचला काय, बसेल की. ट्यूबला मारतो, आतून एक तुकडा टाकतो, गावातल्या गावात हळूहळू फिरा खुशाल. पण लांब जायचं असेल तर मी जा म्हणून सांगणार नाही. वेगात कड फाटली तर सांभाळायला वेळ मिळत नाही, काका. बदलूनच टाका. या मापाचा माझ्याकडे नाही, बाजारातून आणावा लागेल, दुपारपर्यंत सांगा म्हणजे संध्याकाळी गाडी तयार.” एवढं साधं विचारलं होतं. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. तो म्हणाला, “तूर्त पॅच मारून ठेवा. बघू.” बघू हा त्याचा आवडता शब्द होता. बायको होती तेव्हा म्हणायची की यांच्या पत्रिकेत सगळे ग्रह ‘बघू’च्या घरात बसलेत.

या वेळी मात्र हो की नाही हे ठरवणं सोपं नव्हतं, कारण गाडी उद्यापासून त्याची नव्हती. ती मुलीची होणार होती. उद्या पहाटे मुलगी ही मोटारसायकल घेऊन दीडशे किलोमीटरवरच्या धरणावर जाणार होती, नोकरीला. पाण्याची पातळी मोजायची, पाऊस मोजायचा, नदीत किती आलं आणि किती सोडलं याचा रोज हिशेब लावायचा, अशी नोकरी. राहायची खोली एकीकडे, धरण सहा किलोमीटर दुसरीकडे, आणि मध्ये चिटपाखरू नाही, त्यामुळे गाडी हवीच. हीच नोकरी तिला तीन वर्षांपूर्वीही मिळाली होती. तेव्हा तिची आई जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आलेलं पत्र तिने वाचलं, घडी घातली आणि “बाबा, एवढ्या लांब कोण जातंय!” असं म्हणून विषय संपवला. त्यानेही तो संपू दिला. जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. बघू म्हणाला, आणि बघता बघता मुदत निघून गेली. त्यानंतर ती एका दुकानात मोजमापाची यंत्रं विकत बसली, तीन वर्षं, दुसऱ्यांनी मोजायची यंत्रं. आता पुन्हा पत्र आलं होतं. परवा हजर झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाणार, आणि तिसऱ्यांदा अर्ज करायचं तिचं वय उरत नव्हतं. पत्र आल्यापासून ती घरात गुणगुणत होती. तिला गाता येत नाही हे घरात सर्वांना माहीत होतं. घरात सर्व म्हणजे आता दोघंच.

त्याची प्रयोगशाळा टायरच्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर होती. प्रयोगशाळा हे पाटीवरचं नाव. आत एक लांब टेबल, तीन दिवे, प्लास्टरने पांढरी झालेली जमीन आणि फळ्यांवर रांगेने मांडलेले लोकांचे जबडे. तो कवळ्या बनवतो, तेहतीस वर्षं बनवतो आहे, आणि आजूबाजूचे त्याला ‘बत्तिशी’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. टेबलावर आज एक दुभंगलेली खालची कवळी आली होती. सोबत चिठ्ठी होती की आजींना नवी नको आहे, हीच जोडून द्या. चिठ्ठी वाचून त्याला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसांना नवी नकोच असते. हिरड्यांना एकदा एका वस्तूची सवय झाली की ती फुटकी असली तरी आपली असते. त्याने दोन्ही तुकडे जुळवून मेणाने धरले, खाली प्लास्टर ओतलं, आणि ते वाळेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून हात मांडीवर ठेवून बसून राहिला. थकवा आला होता. कामाचा नव्हे, कारण काम अजून झालंच नव्हतं. पहाटेपासून कुणीतरी आपल्याला ढकलत इथवर आणलं आहे आणि आता इथे टेकवून निघून गेलं आहे असा काहीसा थकवा. त्याला वाटलं, पॅचच ठीक आहे. पॅच मारलेला टायर दाखवायचा आणि म्हणायचं, बाळ, या टायरवर तुला मी सोडणार नाही, आठ दिवस थांब. यात खोटं एका अक्षराचंही नाही. टायरवालासुद्धा साक्ष देईल. आणि आठ दिवसांत परवाचा दिवस निघून जाईल. मुद्दाम कुणी काही केलं असं होणार नाही; टायरने केलं असं होईल. हा विचार मनात आला आणि गेला नाही, चांगला ऐसपैस बसला. मग त्याचं त्यालाच हसू आलं. ती बसने जाईल! तिथे जाऊन कुणाची तरी जुनी सायकल मिळवेल, नाहीतर सहा किलोमीटर पायी तुडवेल. टायरने थांबणारी मुलगी नव्हती ती. ती एकाच गोष्टीने थांबेल. आज सकाळी पुलापासून पुढचे दोन किलोमीटर मला काहीच कळलं नाही, एवढं एक वाक्य तिला सांगितलं तर ती भरलेली बॅग तिथल्या तिथे रिकामी करेल. विचारणारसुद्धा नाही. पत्राची घडी घालेल आणि म्हणेल, बाबा, एवढ्या लांब कोण जातंय. आणि हे वाक्य तर पुरतं खरं होतं.

प्लास्टर वाळलं. त्याने फुटीच्या दोन्ही कडा कानशीने थोड्या खाल्ल्या, गुलाबी पूड टाकली, वर द्रवाचे थेंब सोडले आणि तो उग्र वास नाकात गेला. या वासाबरोबर त्याला नेहमी वडीलच आठवतात. वडील शिंपी होते. त्यांची कवळी त्यानेच बनवलेली, शिकाऊ असताना, ओबडधोबड. ती तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा त्यानेच जोडली. मग हात बसल्यावर त्याने त्यांना न सांगता नवी केली. काय कवळी होती ती! एकेक दात निवडून लावलेला, रंग असा की डॉक्टरसुद्धा फसावा. जुनीवरून माप घेताना त्याला डावीकडच्या दोन दातांच्या मध्ये एक बारीक खाच दिसली. झिजलंय, असं म्हणून त्याने ती भरून काढली. त्याच्या धंद्यात खाच म्हणजे दोष, आणि दोष ठेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. वडिलांनी नवी घातली, आरशात पाहिलं, “झकास,” म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी एकदा तो सहज त्यांच्या दुकानात बसला होता. वडिलांनी टाका पुरा केला, मान डावीकडे कलवून दोरा दाताशी नेला, मध्येच थांबले, आणि हात खाली नेऊन कात्री चाचपू लागले. कात्री कापडाच्या ढिगाखाली गेली होती. ती सापडेपर्यंत ते सुई वर धरून बसून राहिले. तेव्हा त्याला कळलं की ती खाच दोऱ्याची होती. चाळीस वर्षांची सवय त्या खोट्या दातांनीही उचलली होती आणि त्याने ती लिंपून टाकली होती. “अहो, बोलायचं नाही का? दोन मिनिटांचं काम होतं,” तो जवळजवळ ओरडलाच. वडील म्हणाले, “तू एवढ्या हौसेने केलीस. म्हटलं, कात्री आहे की.” त्याने ती कवळी त्याच दिवशी मागितली, पण ती त्यांनी दिली नाही. आता सवय झाली म्हणाले. आपल्या माणसाने हौसेने दिलेल्या गोष्टीसाठी माणूस किती काय काय सोडून देतं, आणि वर झकास म्हणतं! मुलगी तीन वर्षं मोजमापाची यंत्रं विकत होती तेव्हा रोज संध्याकाळी तो विचारायचा, कसा गेला दिवस? आणि ती म्हणायची, मस्त. तो आजींच्या कवळीवरचा सांधा घासत राहिला, गरजेपेक्षा जास्त घासत राहिला, आणि पावणेबाराला उठून त्याने टायरवाल्याला फोन लावला. “बदला,” तो म्हणाला. “ट्यूबसुद्धा.” टायरवाला म्हणाला, “पण पॅच मारून ठेवलाय मी, काका.” “असू दे. चांगल्यातला आणा. पोरगी लांब जायचीय.” फोन ठेवल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आणखीच दमल्यासारखं झालं.

संध्याकाळी गाडी तयार होती. नव्या टायरवर ते बारीक रबरी केस होते आणि त्याच्यापुढे बाकीची सतरा वर्षांची गाडी उगाच ओशाळल्यासारखी दिसत होती. टायरवाल्याने बजावलं की नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर किलोमीटर वळणावर जपून. त्याने मान हलवली, किल्ली लावली, पाय किकवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. पुढे सिग्नल होता, दोन वळणं होती, शाळा होती. शाळा सुटून गेली होती, तरी शाळा होती. त्याने पाय खाली घेतला आणि दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी ढकलत घरचा रस्ता धरला. वाटेत दोघा-तिघांनी आपुलकीने विचारलं, “पंक्चर का हो?” तो प्रत्येकाला “हो ना” म्हणाला. एकाने तर थांबून टायर दाबून पाहिला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि निघून गेला. पाण्याची टाकी, शाळा, पेट्रोलपंप, सगळं त्याने नीट डोळे उघडून पाहून घेतलं. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात पाढे लिहिले होते. सकाळी ते वाचले होते की नाही हे सांगता आलं नसतं.

मुलगी खालीच उभी होती, जिन्याच्या तोंडाशी, बॅगेला बांधायची दोरी हातात घेऊन. तिने लांबूनच पाहिलं. “ढकलत आणलीत?” “नवा टायर घातलाय. गुळगुळीत असतो. म्हटलं, उगाच कशाला.” “म्हणून तीन किलोमीटर ढकलत?” ती चाकापाशी बसली, टायरवरून बोटं फिरवली. “पंक्चर झाला होता?” “हो.” “मग पंक्चर काढायचं. तुम्ही? आणि अख्खा नवा टायर?” ती उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. “घरातली कढई तीनदा डाग दिलेली आहे, तुमच्या चपलेला मूळची चपलेची अशी एक पट्टी उरली नाही. काय झालंय, बाबा?” तो म्हणाला, “टायर जुना झाला होता गं.” ती हलली नाही. आईची सवय होती ती. ऐकून घ्यायचं आणि जागचं हलायचं नाही. “खरं सांगा. तुम्हाला बरं वाटत नाहीये का? परवा त्या खालच्या काकांनी मला किल्लीची गंमत सांगितली. मला काही ती गंमत वाटली नाही. मी रात्रभर विचार करत होते.” तिने दोरी बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. “हे बघा, तुम्ही एकदा म्हणा फक्त. नको जाऊस म्हणा, मी नाही जाणार. अगदी खरं सांगते, मला काही वाटणार नाही.” ते वाक्य आता त्याच्या जिभेवर आलं होतं. पुलापासून पुढे, आज सकाळी. खरं बोलायला लागणारा वेळ तो केवढा! एवढ्या वेळात ती आपलीच होऊन राहिली असती, संध्याकाळी दार उघडणारं कुणी असलं असतं, आपण वाटेत कुठे हरवलो तर शोधायला येणारं कुणी असलं असतं. त्याला ती हवी होती. इतकी हवी होती की त्याला गाडीच्या सीटला धरावं लागलं. आणि तिचं ते ‘मला काही वाटणार नाही’ त्याने ऐकलं होतं, या आधी, दुसऱ्या एका तोंडून, ‘कात्री आहे की’ अशा शब्दांत.

“मला काय धाड भरलीय?” तो म्हणाला. “नव्या टायरवर बसून वळणं घ्यायची नव्हती म्हणून ढकलली, एवढंच. आणि टायर काय माझ्यासाठी नाही घातला. माझी पोरगी दीडशे किलोमीटर जाणार आणि मी डाग देऊन पाठवू? खालच्या काकांचं काय घेऊन बसलीस, ते स्वतःच्या चष्म्यासाठी रोज सबंध घर पालथं घालतात. दमलो होतो त्या दिवशी. तू गेलीस की मी हे गाडीचं झेंगट सोडून चालत जाईन कामावर, तब्येत तरी सुधारेल. जा बघू, बॅग बांध.” आपण इतकं सलग आणि इतकं छान बोलू शकतो हे त्याला माहीत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे खाली आले. आणि चेहरा असा सुटला, असा मोकळा झाला, की त्याने नजर टायरकडे वळवली. आपल्याला अडवतील या धास्तीत होती ती, दिवसभर, कदाचित पत्र आल्यापासून. थोडा तरी हट्ट करेल, निदान आणखी एकदा तरी विचारेल, असं त्याला वाटलं होतं. तिने विचारलं नाही. “बाई गं,” ती हसत म्हणाली, “मी काय काय मनात आणलं होतं!” आणि एकेक पायरी सोडून जिना चढत गेली. वरून तिचं ते बेसूर गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

जेवताना ती धरणाबद्दल बोलली. भिंतीवर पातळीच्या खुणा कशा रंगवलेल्या असतात, पहाटेचा पहिला आकडा घ्यायला कसं वाकावं लागतं, चुकीचा आकडा गेला तर खालच्या गावांत काय होऊ शकतं. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्याला वाटलं की आपलं लक्ष गेलं, पण ती त्याच वाक्यावर होती, म्हणजे गेलं नव्हतं. भांडी आवरताना ती म्हणाली, “पाचला निघायला हवं, नाहीतर ऊन होईल. तुम्ही उठवाल ना? गजर मला ऐकूच येत नाही, तुमच्या हाकेनेच जाग येते.” हे खरं होतं. शाळेपासून, सगळ्या परीक्षांना, त्यानेच तिला उठवलं होतं. साडेतीन म्हणाली तर साडेतीनला, घड्याळाकडे न पाहता. घरात कधी कुणी गजरावर विसंबलंच नव्हतं. “उठवतो,” तो म्हणाला.

ती आत उरलेले कपडे भरायला गेली. तो तिच्या टेबलाशी आला, खणातून जुनं गजराचं घड्याळ काढलं, किल्ली दिली, काटा साडेचारवर आणला आणि ते टॉवेलमध्ये गुंडाळून आपल्या उशीखाली ठेवलं, तिला ऐकू जाणार नाही असं. मग फोनवरही एक गजर लावला. तो लावायचा कसा हे त्याला येत नव्हतं, तेवढं मात्र त्याने तिलाच हाक मारून विचारलं.

“तुम्हाला कशाला हवाय?” ती आतूनच म्हणाली.

“शिकून ठेवतो,” तो म्हणाला. “उद्यापासून विचारायला तू नसणार.”